जुन्या गाडीचे इंजिन बांधण्याआधी: नियोजन आणि खर्चाचा अंदाज

जुन्या मोटारीच्या इंजिनकामाला किती खर्च येईल, हा प्रश्न बहुधा इंजिन उघडण्याआधीच विचारला जातो आणि मिस्त्रीही सवयीने एक आकडा सांगून मोकळा होतो. तो आकडा खोटा असतो असे नाही. पण तो आधीच्या गाड्यांच्या अनुभवावर आधारलेला असतो, समोरच्या इंजिनावर नव्हे. इंजिन आतून किती झिजले आहे हे मापे घेतल्याशिवाय कोणालाही सांगता येत नाही आणि खर्च तर त्या झिजेवरच ठरतो. म्हणून या कामाचे अंदाजपत्रक दोनदा मांडावे लागते. पहिले इंजिन उतरवून, उघडून, मोजमाप घेण्यापुरते असते; दुसरे ही मापे हाती आल्यावरच करता येते. या दोहोंच्या मध्ये थांबण्याची आणि प्रसंगी माघार घेण्याची मोकळीक मालकाने स्वतःकडे राखली पाहिजे.

उदाहरणादाखल प्रीमियर पद्मिनी घेऊ. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या आणि मुंबईच्या टॅक्सीतळांवर कित्येक दशके दिसलेल्या या गाडीच्या इंजिनात चार सिलिंडर आहेत. सिलिंडरचा व्यास, म्हणजे बोअर, ६८ मिलिमीटर; पिस्टनचा वर-खाली प्रवास, म्हणजे स्ट्रोक, ७५ मिलिमीटर; एकूण क्षमता १०८९ सीसी. कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या या इंजिनात संगणक किंवा सेन्सर नसल्याने झीज आणि खर्च यांचा संबंध स्वच्छ दिसतो. मारुती ८०० असो वा एखादी जुनी जीप, मापे बदलतील, कामाचा क्रम बदलणार नाही.

उघडण्याआधीची तपासणी

धूर दिसला की इंजिन गेले, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू करताना निळसर धुराचा एक लोट सोडून नंतर नीट चालत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हच्या (इंधन आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपांच्या) दांड्यांवरील सील किंवा दांड्यांना धरणारे गाइड झिजलेले असतात आणि काम हेडपुरतेच, म्हणजे सिलिंडरांवर बसणाऱ्या वरच्या भागापुरतेच, राहते. चढावर किंवा वेग वाढवताना सतत निळा धूर येत असेल आणि ऑइल भरण्याचे झाकण उघडल्यावर आतून वाफारा जोरात बाहेर पडत असेल, तर संशय पिस्टनच्या रिंगांवर, म्हणजे त्याभोवतीच्या कड्यांवर, आणि बोअरवर जातो. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, रेडिएटरमधील पाणी कमी होत असेल आणि ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेडचे पॅकिंग गेले असण्याची शक्यता मोठी असते. कार्ब्युरेटरमधून पेट्रोल जास्त जात असल्यास काळा धूर येतो आणि त्यासाठी इंजिन उघडण्याची काहीच गरज नसते.

यापुढची पायरी कंप्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये निर्माण करतो तो दाब, तपासण्याची. इंजिन गरम करून चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा, स्टार्टरने इंजिन फिरवायचे आणि प्रत्येक सिलिंडरचा दाब लिहून ठेवायचा. एकूण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक अधिक बोलका असतो. चारांपैकी एक इतरांहून १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त खाली असेल, तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा तपासायचे. ऑइलने रिंग आणि भिंत यांमधील फट काही क्षण बुजते. त्यामुळे दाब वाढला तर दोष रिंगांचा किंवा बोअरचा आणि वाढला नाही तर व्हॉल्व्हचा किंवा हेड पॅकिंगचा, असा ढोबळ निवाडा करता येतो. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचा दाब एकदम पडलेला असेल, तर त्या दोघांच्या मधले पॅकिंग फुटलेले असते, असे बहुतेक वेळा आढळते.

ऑइलच्या दाबाकडे मात्र फार कमी मालक लक्ष देतात. क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टनच्या हालचालीने फिरणारा मुख्य दांडा, ज्या बेअरिंग शेलमध्ये (धातूच्या अर्धगोल पट्ट्यांमध्ये) फिरतो, त्या दोहोंमधली फट नव्या इंजिनात मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकीच असते. अशा अरुंद फटीतून वाहून जाणारे ऑइल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे फट दुप्पट झाली की इतर परिस्थिती तीच असताना गळती आठपट होते. ऑइल पंप ही गळती भरून काढू शकत नाही, म्हणून गरम इंजिन मंद फिरत असताना ऑइलचा दिवा लुकलुकू लागतो. पद्मिनीच्या डॅशबोर्डवरील या दिव्यावर विसंबण्यापेक्षा त्या जागी तात्पुरता दाबमापक लावून थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांतील आकडे घ्यावेत. वरच्या भागातील धूर आणि खालच्या भागातील दाब, या दोन्ही नोंदी हाती असल्या, तर मिस्त्रीशी बोलताना मालकाची बाजू भक्कम राहते.

‘हाफ इंजिन’ की ‘फुल इंजिन’

गॅरेजमध्ये हे दोन शब्द हमखास ऐकू येतात. क्रँकशाफ्टला हात न लावता रिंगा, बेअरिंग शेल आणि व्हॉल्व्हचे काम करणे याला साधारणपणे हाफ इंजिन म्हणतात. ब्लॉक (सिलिंडर असलेला मुख्य भाग) पूर्ण मोकळा करून बोअरिंग (सिलिंडर कापून मोठा करणे), क्रँक ग्राइंडिंग (क्रँकशाफ्ट घासणे), नवे पिस्टन आणि हेडचे सगळे काम करणे म्हणजे फुल इंजिन. प्रत्येक गाळ्यावर या शब्दांची व्याप्ती थोडी वेगळी असते, त्यामुळे दर विचारताना शब्दाचा नव्हे, कामांच्या यादीचा दर विचारावा.

हाफ इंजिन स्वस्त वाटते, पण ते टिकेल की नाही हे बोअरच्या आकारावर अवलंबून असते. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. ज्वलनाचा दाब आणि उष्णता वरच्या टोकाला जास्त आणि तिथे ऑइलही कमी पोहोचते, म्हणून वरचा भाग अधिक झिजतो आणि तळ जवळजवळ मूळ मापाचा राहतो. समजा, वर ०.२ मिलिमीटर झीज झाली आहे. तळाशी दोन टोकांत ०.२५ मिलिमीटर फट ठेवून बसवलेली नवी रिंग वर जाताना घेराच्या वाढीमुळे उघडते, व्यासात ०.२ मिलिमीटर वाढ म्हणजे घेरात सुमारे ०.६३ मिलिमीटर. म्हणजे वरच्या टोकाला, नेमका ज्वलनाचा दाब सर्वाधिक असताना, फट ०.८८ मिलिमीटर होते. शिवाय ही रिंग प्रत्येक फेरीत उघडते आणि मिटते, मिनिटाला हजारो वेळा. त्यामुळे ती लवकर थकते. अशा बोअरमध्ये नव्या रिंगा टाकणे म्हणजे उतरलेल्या भिंतीवर नुसता रंग देणे होय. झीज ०.०५ मिलिमीटरच्या आसपास असेल, तर रिंगा आणि होनिंग (बोअरची भिंत बारीक दगडाने घासणे) यांवर काम भागू शकते, ०.१५ च्या पुढे गेली असेल, तर बोअरिंगशिवाय पर्याय नाही, असे मी मानतो. मधल्या पट्ट्यात गाडी वर्षाला किती चालणार आहे, हे पाहून ठरवावे. फक्त रविवारी बाहेर निघणाऱ्या गाडीला आणि रोज कामावर नेणाऱ्या गाडीला एकच निकष लावण्यात अर्थ नाही.

मोजमाप आणि सुटे भाग

इंजिन उघडल्यावर धुतलेल्या भागांची मापे लेखी घेणे ही पहिल्या टप्प्याची अखेर आणि त्याचे खरे फळ. प्रत्येक बोअर वर, मध्ये आणि खाली अशा तीन पातळ्यांवर, एकमेकींना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजावा. म्हणजे चार सिलिंडरांची २४ मापे होतात. क्रँकचे सगळे जर्नल (शेलमध्ये फिरणारे गोल भाग) मायक्रोमीटरने मोजावेत, हेडचा तळ सरळपट्टी आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) लावून तपासावा, ब्लॉक आणि हेड यांना तडा आहे का, हे दाबाच्या पाण्याने किंवा रंगद्रव्याने पाहावे. ज्या लेथवर हे सगळे मोजून कागदावर लिहून मिळत नाही आणि नखाने चाचपून ‘वीस साइज लागेल’ असे सांगितले जाते, तिथे पुढचे काम देऊ नये. मोजणीसाठी वेगळे पैसे मागितले, तर ते आनंदाने द्यावेत.

‘वीस साइज’ म्हणजे मूळ मापाहून ०.०२० इंच मोठा पिस्टन. दहा, वीस, तीस, चाळीस अशा पायऱ्यांनी ओव्हरसाइज पिस्टन येतात किंवा, जुन्या गाड्यांच्या बाबतीत, येत असत. पद्मिनीचे उत्पादन सुमारे २००० सालीच थांबल्यामुळे चारही मापे सर्वत्र सहज मिळतील, असे गृहीत धरता येत नाही. म्हणूनच नियोजनातला सर्वांत महत्त्वाचा नियम असा, की पिस्टनचा पूर्ण संच हातात आल्याशिवाय बोअरिंग करू नये. आधी बोअर वाढवला आणि नंतर त्या मापाचा संच मिळाला नाही, तर पुन्हा पुढच्या मापाला जावे लागते किंवा स्लीव्ह, म्हणजे बोअरच्या आत नवी नळी, टाकावी लागते. शिवाय खोक्यावर छापलेले माप आणि पिस्टनचे प्रत्यक्ष माप यांत थोडा फरक असू शकतो. पिस्टन आणि भिंत यांतील मोकळीक मिलिमीटरच्या काही शतांशांची असल्याने बोअर छापील आकड्यावर नव्हे, हातातल्या पिस्टनवर जुळवावा लागतो. बेअरिंग शेलचेही तसेच: क्रँक किती अंडरसाइजला (मूळ मापाहून लहान) घासायचा, हे बाजारात कोणत्या मापाचे शेल आहेत यावर ठरवावे.

बोअर वाढवल्याने ताकद वाढेल, अशी आशा काही जण बाळगतात. चाळीस साइजला जाऊन पद्मिनीची क्षमता १०८९ वरून सुमारे ११२२ सीसी होते. ही वाढ तीन टक्के आहे आणि घाटात ती जाणवणार नाही. उलट प्रत्येक पायरीने सिलिंडरची भिंत पातळ होते. ज्या इंजिनाचा बोअर शेवटच्या मापाला पोहोचला आहे, त्याच्यासाठी स्लीव्ह टाकून मूळ मापावर परतणे हा चांगला मार्ग असतो. तो महाग असला, तरी मूळ मापाचे पिस्टन मिळण्याची शक्यता त्याने वाढते.

पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रस्ता, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर अशा ठिकाणी सुटे भाग किंवा लेथकाम शोधण्याची परंपरा जुनी आहे आणि जुन्या गाडीच्या मालकाला तिथे एक-दोन चकरा माराव्याच लागतात. दुकानाच्या माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेला मूळ कंपनीचा संच सापडला, तर तो घ्यावा. पण रबराचे सील आणि पॅकिंग मात्र जुन्या साठ्यातले घेऊ नयेत, कारण रबर न वापरताही कडक होते.

हेडच्या कामात इंधनाचा इतिहास लक्षात ठेवावा लागतो. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाली. त्याआधी घडवलेल्या अनेक इंजिनांमध्ये व्हॉल्व्ह ज्या सीटवर बसतात, तिला पेट्रोलमधील शिशाचा आधार होता. तो गेल्यावर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या मऊ सीट खचू लागतात आणि टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) मोकळीक वारंवार कमी होते. हेड उघडलेच आहे, तर कठीण धातूच्या एक्झॉस्ट सीट बसवून घेणे हा खर्च मी टाळणार नाही. दुसरी गोष्ट इथेनॉलची: २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आता पंपांवर सर्वसाधारण झाले आहे आणि जुने रबर त्याला टिकत नाही. पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचे सील इथेनॉलला चालणाऱ्या रबराचे बदलावेत. याचा खर्च इंजिनाच्या तुलनेत नगण्य असतो आणि पेट्रोल गळून आग लागण्याचा धोका त्याने कमी होतो.

पैशांची मांडणी

दर शहरागणिक आणि गाळ्यागणिक बदलतात, म्हणून पुढचे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी घेतले आहेत. समजा, मालकाने सगळे मिळून ८०,००० रुपये ठरवले. त्यातील चौथा हिस्सा, २०,००० रुपये, पहिल्याच दिवशी राखीव म्हणून बाजूला काढायचा आणि त्याबद्दल मिस्त्रीला सांगायचेही नाही. उरलेल्या ६०,००० पैकी ८,००० इंजिन उतरवणे, उघडणे, धुणे आणि मोजणे यांसाठी. मापे आल्यावर दुसऱ्या टप्प्याचे अंदाजपत्रक मांडायचे आणि त्यासाठी ५२,००० हाताशी आहेत, हे लक्षात ठेवायचे. नवा अंदाज ५५,००० चा आला, तर राखीव रकमेतले ३,००० वापरून पुढे जाता येते. तो ८५,००० चा आला, कारण ब्लॉकला तडा आहे किंवा क्रँक शेवटच्या मापावर घासलेला निघाला, तर त्या क्षणी मालकाचे फक्त ८,००० गेलेले असतात आणि दुसरा ब्लॉक शोधणे, वर्षभर थांबणे किंवा गाडी आहे तशी विकणे हे सगळे मार्ग खुले असतात. अर्धवट जोडलेल्या इंजिनावर ५०,००० खर्च झाल्यानंतर हे मार्ग केवळ कागदावर उरतात.

दुसऱ्या टप्प्यात लेथकाम, सुटे भाग आणि मजुरी हे तीन रकाने स्वतंत्र ठेवावेत. मजुरी उक्ती ठरवायला हरकत नाही, मात्र सुटे भाग उक्त्यात देऊ नयेत. कारण मग भाग जितका हलका, तितका फायदा जास्त, असा व्यवहार होतो. भाग मालकाने स्वतः विकत घ्यावेत किंवा निदान प्रत्येकाची पावती आणि रिकामे खोके मागून घ्यावे. सप्टेंबर २०२५ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांवरील जीएसटी १८ टक्क्यांवर आणला गेला. दर ऐकताना तो त्यात धरलेला आहे की वर लागणार आहे, हे विचारून घ्यावे, नाहीतर दोन दुकानांच्या दरांची तुलना फसते. काढलेले जुने भागही परत मागावेत. ते विकून फार पैसे येत नाहीत. पण जुने शेल पाहिले, की कोणता जर्नल एका बाजूने झिजला आणि कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकलेला होता का, हे कळते.

अंदाज सर्वाधिक फुगतो तो ‘इंजिन खाली आहेच, तर हेही करून घेऊ’ या वाक्याने. या वाक्याला सरसकट नकार देणे चुकीचे आणि सरसकट होकार देणे महाग. माझी कसोटी साधी आहे: नंतर बदलायचे झाल्यास इंजिन किंवा गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागेल का? क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, मागचे ऑइल सील, ब्लॉकच्या बाजूचे पाण्याचे पत्र्याचे बूच, टायमिंग चेन, ऑइल पंप आणि इंजिनाची माउंटिंग या कसोटीवर उतरतात. पाण्याचा पंप बाहेरून निघतो, पण त्याचे बेअरिंग निकामी झाले तर नवे इंजिन तापून बिघडू शकते, म्हणून तोही यादीत घ्यावा. रेडिएटर साफ करून घेणे त्याच कारणाने आवश्यक. डायनमो आणि डिस्ट्रिब्युटर तपासावेत, चालत असतील तर तसेच ठेवावेत. ब्लॉकला चकचकीत रंग, क्रोमचे झाकण, मोठा कार्ब्युरेटर हे राखीव रक्कम न वापरता काम पूर्ण झाले, तर पाहता येते.

वेळही पैशांइतकाच काळजीपूर्वक धरावा. प्रत्यक्ष जोडणीला थोडे दिवस लागतात. खरा वेळ पिस्टन शोधण्यात आणि लेथवरच्या रांगेत जातो. हे काम पावसाळ्यात काढू नये. होनिंग केलेल्या बिडाच्या बोअरवर दमट हवेत, कोकणात तर विशेषच, पाहता पाहता गंज धरतो. लेथवरून आलेला ब्लॉक रॉकेलने पुसून तसाच जोडण्याची पद्धत अजूनही दिसते. परंतु रॉकेलने होनिंगच्या दगडाची भुकटी बारीक ओरखड्यांतून निघत नाही. गरम पाणी, साबणाची पूड आणि ब्रशने बोअर घासावा, पांढरे फडके फिरवल्यावर ते पांढरेच राहीपर्यंत. मग लगेच वाळवून ऑइलचा हात द्यावा. ऑइलच्या वाहिन्यांचे बूच काढून त्याही आतून साफ कराव्यात. हे काम फुकटात होते आणि ते टाळले, तर नव्या रिंगांची झीज पहिल्याच दिवशी सुरू होते.

कागदपत्रे

इंजिनकामाचा निर्णय घेण्याआधी आरसी पुस्तक पाहावे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि पुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते; महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर भरावा लागतो. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय अधिसूचनेने २० वर्षांहून जुन्या हलक्या मोटारींचे नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये केले. पद्मिनी आता सगळ्याच त्या वयोगटात आहेत. नोंदणी संपत आली असेल, तर हा खर्चही त्याच वहीत मांडावा. इंजिनाचा क्रमांक आरसीवर नोंदलेला असतो आणि तो ब्लॉकवर कोरलेला असतो. म्हणून बोअरिंग, स्लीव्ह किंवा हेडचे काम केल्याने कागदपत्रांत फरक पडत नाही, पण भंगारातून दुसरा ब्लॉक आणला, तर त्याची मालकी सिद्ध करणारी पावती आणि आरटीओमधील नोंद दोन्ही लागतात. स्वस्तात मिळणारे ‘चालू इंजिन’ या कारणाने अनेकदा महाग पडते. ते आतून कसे आहे, हे तर उघडल्याशिवाय कळतच नाही.

जोडणीनंतरचा खर्च

इंजिन पहिल्यांदा सुरू झाले, म्हणजे काम संपले असे समजून पैसे पूर्ण चुकते करू नयेत. मजुरीचा काही भाग पहिल्या ५०० किलोमीटरच्या तपासणीपर्यंत राखून ठेवण्याचे आधीच ठरवावे. सुरू करण्यापूर्वी प्लग काढून, दाबमापकावर दाब दिसेपर्यंत इंजिन स्टार्टरने फिरवावे, म्हणजे कोरड्या शेलवर क्रँक फिरत नाही. नवा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आणि टॅपेट टाकले असतील, तर पहिली सुमारे २० मिनिटे इंजिन मंद न ठेवता २००० फेऱ्यांच्या आसपास फिरवत ठेवावे. या पद्धतीच्या टॅपेटला फिरत्या क्रँकवरून उडणाऱ्या ऑइलवर अवलंबून राहावे लागते. साधे खनिज ऑइल भरावे, कारण सुरुवातीच्या दिवसांत फार निसरडे सिंथेटिक ऑइल रिंगांना बोअरवर नीट बसू देत नाही.

पहिले ५०० किलोमीटर गाडी एकाच वेगाने महामार्गावर पळवू नये आणि सिग्नलवर तासन्‌तास मंद चालतही ठेवू नये. वेग वाढवणे आणि पाय काढून तो उतरू देणे, हे आलटून पालटून केल्याने रिंगांवर दाब येतो आणि त्या बसतात. त्यानंतर ऑइल आणि फिल्टर बदलावा, थंड इंजिनावर हेडचे नट ठरलेल्या क्रमाने टॉर्क रेंचने पुन्हा तपासावेत, टॅपेटची मोकळीक पुन्हा लावावी. हे दुसरे ऑइल, फिल्टर आणि मिस्त्रीचा अर्धा दिवस अंदाजपत्रकात सुरुवातीलाच धरलेला असावा. १,५०० किलोमीटरच्या सुमारास आणखी एकदा ऑइल बदलून कंप्रेशन आणि ऑइलचा दाब मोजावा. उघडण्याआधीच्या आकड्यांशेजारी हे आकडे लिहावेत आणि त्या वहीत पिस्टनचे माप, शेलचे माप, हेड किती तासले तेही नोंदवावे. पुढे कधी हे इंजिन पुन्हा उघडावे लागले, तर बोअरमध्ये अजून किती मापे शिल्लक आहेत, हे त्या वेळच्या मिस्त्रीला तिथूनच कळेल.